न झालेल्या वादळांचा अभ्यास

नॉर्मन, ओक्लाहोमा
फेब्रुवारीअखेर

ती. आई, बाबा आणि आजी यांना सा. न.

मी मजेत आहे. खोकला गेला, थंडी ओसरली, जेवण वेळेवर होतं. रोजचं सगळं फोनवर बोलणं होतंच, ते पुन्हा लिहीत बसत नाही. पत्र एवढ्यासाठी की फोनवर विषय निघाला की आईचा गळा दाटतो, बाबा फोन आजीच्या हातात देतात आणि माझं म्हणणं अर्धंच राहतं.

आधी आईच्या त्या व्हिडिओबद्दल. तू पाहिलास तो मूर गावचा, 20 मे 2013 च्या टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळाचा. त्यात 24 माणसं गेली आणि मूर आमच्या उत्तरेला लागूनच आहे, हे खरं. पण मी काही वादळामागे गाडी पळवत नाही. मुळात गाडीच नाही माझ्याकडे. हवामानशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या ज्या कॅपस्टोन कोर्सची, म्हणजे गटाने करायच्या शेवटच्या प्रकल्पाची, तुला धास्ती वाटते, त्यात मी दिवसभर संगणकापुढे बसते. आणि आमच्या गटाचा विषय आहे न झालेली वादळं. बाबा, हसू नका. पैसे भरून न झालेल्या गोष्टींचा अभ्यास करते, असं तुम्ही काकांना सांगणार, ते मला इथे बसून ऐकू येतंय.

पण विषय खरंच अवघड आहे. वसंतात इथे मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते आणि पश्चिमेच्या उंच पठारावरून कोरडी. दोघींच्या सीमेला ड्रायलाइन म्हणतात. तिच्या आसपास दुपारी बघता बघता ढग उभे राहतात. काही दिवशी मात्र सगळी सामग्री हजर असूनही काहीच घडत नाही, कारण वर उबदार हवेचा थर कुकरच्या झाकणासारखा घट्ट बसलेला असतो. इशारे देऊन झालेले, लोक घाबरून घरी परतलेले, आणि संध्याकाळी आभाळ स्वच्छ. मग पुढच्या इशाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून ते झाकण कधी टिकतं आणि कधी उडतं, हे आम्ही शोधतोय.

आधीच्या वर्षांत डायनॅमिक्स, थर्मोडायनॅमिक्स, रेडिएशन असे एकेक विषय शिकलो. गणित कितीही किचकट असलं तरी उत्तर कुठेतरी तयार असायचं. इथे आम्ही चौघं, एक मार्गदर्शक बाई आणि एक प्रश्न. बाईंना काही विचारलं की त्या शांतपणे म्हणतात, मलाही ठाऊक नाही, शोधा. ‘वादळ झालं नाही’ म्हणजे नेमकं काय, यावरच आमची कितीतरी दिवस भांडणं चालली. रडारवर एखादा ढग दिसून विरला, तर तो धरायचा की सोडायचा? विदा, म्हणजे डेटा, मात्र भरपूर. ओक्लाहोमाच्या 77 काउंटींपैकी, म्हणजे जिल्ह्यांपैकी, प्रत्येकीत मेसोनेटचं, म्हणजे राज्यभरच्या हवामान केंद्रांच्या जाळ्याचं, किमान एक केंद्र आहे, दर 5 मिनिटांनी तापमान, आर्द्रता, वारा नोंदवणारं. पण ते जमिनीलगतचं झालं. वरचं झाकण मोजायला उपकरण बांधलेला फुगा लागतो, आणि फुगे जगभर ठरलेल्या दोनच वेळांना सोडतात, तुमच्या घड्याळात साधारण पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. इथे तेव्हा संध्याकाळ नाहीतर सकाळ असते. ढग उभे राहतात भर दुपारी, म्हणजे ऐन वेळी वर काय चाललंय ते बहुधा कुणी मोजलेलंच नसतं. जोखमीच्या दिवशी मधे जादा फुगा सोडतात, पण नेहमी नाही. आमचा सगळा झगडा त्या मधल्या तासांशी आहे.

आता इथली एक तऱ्हा सांगते, मला अजून उलगडलेली नाही. दर शनिवारी दुपारी बाराला गावभर टोर्नेडोचा भोंगा वाजवून पाहतात. अंगावर काटा येईल असा आवाज. पण गवत कापणारा गवत कापत राहतो, कुत्रंसुद्धा मान वर करत नाही. आभाळ भरलेलं असेल तर चाचणी रद्द करतात, उगाच घोटाळा नको म्हणून. इथवर ठीक. पण भोंगा शनिवार सोडून वाजला, म्हणजे खरा वाजला, की नियम असा की आत जायचं, खिडक्यांपासून लांब, खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध. आणि माझ्या शेजारचे आजोबा काय करतात? बाहेर ओट्यावर येऊन पश्चिमेकडे बघत उभे राहतात! एकटे नाहीत, समोरच्या घरातलेही येतात. टीव्हीवर बातमीदार अमुक रस्त्यापर्यंत पोचलं म्हणून ओरडत असतो आणि हे ते स्वतः बघायला बाहेर. आई, मी आतच असते. शप्पथ.

बाबा विचारत होते, डिग्रीनंतर इथल्या सरकारी वेदर सर्व्हिसमध्ये नोकरी लागेल का. नाही लागणार, तिथे अमेरिकन नागरिकच घेतात. खासगी कंपन्या आहेत, आणि मास्टर्सला असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच शिकवण्याचं नाहीतर संशोधनाचं काम, मिळाली तर फी माफ होऊन वर महिन्याला थोडे पैसेही मिळतात. अर्ज केलेत. पुण्याच्या शिमला ऑफिसचं, आपल्या हवामान खात्याचं, माझ्या डोक्यात नाही असं समजू नका, पण आत्ताच शब्द देत नाही.

ताईच्या लग्नाला मी येत नाहीये. लिहून टाकलं एकदाचं. मुहूर्त एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला आणि आमचं अंतिम सादरीकरणही त्याच आठवड्यात. चौघांचं काम एकत्र मोजतात, माझा भाग दुसरं कुणी मांडू शकत नाही. ताई म्हणाली, चालेल गं. इतक्या लगेच म्हणाली की मला जास्तच लागलं. तिकिटाला बाजूला ठेवलेले पैसे तिच्या खात्यात पाठवतेय. ते तिच्या साडीचे, त्यातून कर्जाचा हप्ता भरायचा नाही, बाबा. विद्यापीठातल्या कामाचे आहेत, पोटाला चिमटा घेऊन नाहीत.

आत्याला सांगा, न्यू जर्सीचा मुलगा मला ‘जवळ’ नाही. मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ दुप्पट अंतर आहे. आणि जवळ असता तरी सादरीकरण होईपर्यंत पत्रिका पाठवू नका. नंतर बघू, म्हणजे नाही असं नाही.

बँकेचा कागद सोबत आहे, बाबांनी खाली डावीकडे सही करायची आहे. ताईच्या हळदीला व्हिडिओ कॉल लावा, इथे कितीही वाजले असले तरी.

तुमची,
धाकटी