जॉर्ज टाऊनच्या गल्ल्यांतील अनोळखी सुहृदांचे आभार

मलेशियातील पेनांग बेटावर १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीने वसवलेल्या आणि २००८ पासून मलाक्कासह जागतिक वारसा ठरलेल्या जॉर्ज टाऊनमध्ये माझ्या वृद्ध आईसह फिरताना ज्यांनी आपले नावही न सांगता साहाय्य केले, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते. एकाच रस्त्याच्या आसपास सेंट जॉर्ज चर्च, चिनी वसाहतीचे क्वान यिन मंदिर, तमिळांचे महामारियम्मन देऊळ आणि कपितान केलिंग मशीद उभी असलेले हे शहर त्यांच्यामुळेच आईला पायी पाहता आले. दुकानघरांसमोरील सलग पडवीतून (उन्हापावसापासून वाचवणारी ही सोय मला तिथल्या कोणत्याही स्मारकाइतकीच मोलाची वाटते) आईला जाता यावे म्हणून आपल्या मालाची खोकी आत ओढून घेणारे आर्मेनियन स्ट्रीटवरील वयस्कर चिनी दुकानदार, देवळाबाहेर तिला स्वतःच्या स्टुलावर बसवणाऱ्या तमिळ फूलवाल्या बाई, आणि मशिदीत अंगरखा देऊन, भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी ती कशी उभारली हे न कंटाळता सांगणारे स्वयंसेवक, या तिघांची मी विशेष ऋणी आहे.