कर्नलसाहेब, हिशेब नीट मांडून दिलात

आदरणीय कर्नलसाहेब,
सादर नमस्कार.

लेक एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण अकादमीची, लेखी परीक्षा पास झाली आणि घरात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, देशसेवेत करिअरचा हिशेब कसला? दुसऱ्याचं, इंजिनिअरिंग सोडून गेली आणि चाळिशीत बाहेर आली तर तिला विचारणार कोण? तुम्ही दोघांनाही समोर बसवून बोललात, त्याबद्दल हे पत्र. उघड लिहितेय, कारण हा पेच आमच्या एकट्यांचा नसणार.

पदवीबद्दलचा आमचा गैरसमज तुम्ही आधी दूर केलात. पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची (जेएनयू) मिळते. लष्कराचे कॅडेट खडकवासल्याला तीन वर्षांत बीए किंवा बीएस्सी करतात आणि मग वर्षभर डेहराडूनला आयएमएत, म्हणजे लष्कराच्या अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत, जातात. बीटेक नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेट्ससाठी. लष्कराच्या इंजिनिअर्स किंवा सिग्नल्स (संदेशवहन) शाखेत गेलेल्यांना पुढे लष्कराच्याच कॉलेजांत, पुण्याच्या सीएमईत किंवा महूच्या एमसीटीईत, इंजिनिअरिंग करता येतं, हे ऐकून लेकीचे डोळे चमकले.

मग बाहेर पडण्याचं. पेन्शन २० वर्षांच्या कमिशन्ड (अधिकारी म्हणून केलेल्या) सेवेनंतर, म्हणजे वय साधारण ४२. त्याआधी सोडायचं म्हटलं तर अर्ज मंजूर होईलच असं नाही. लेफ्टनंट कर्नलपर्यंत बढती सेवेच्या वर्षांवर मिळते, कर्नलपासून निवड मंडळ ठरवतं आणि तिथे चांगले चांगले अधिकारी मागे राहतात. हे सांगताना तुम्ही आवाज जराही मऊ केला नाहीत. मला ते फार मोलाचं वाटलं.

आणि लष्करातून बाहेर पडताना नोकरीसाठी केलेला तो तुमचा बायोडेटा! पहिल्या मसुद्यात नुसतं ‘कंपनी कमांडर’ लिहिलेलं, ते तुम्ही लाल पेनाने खोडलं होतं. शेजारी लिहिलं होतं: सव्वाशे माणसं, त्यांची रजा, शिस्त, प्रशिक्षण, वाहनं, हत्यारं, रेशन यांचा पै न् पै हिशेब. सैन्यातून बाहेर पडणाऱ्यांना मदत करणाऱ्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या मॅनेजमेंट कोर्सला गेल्यावर कळलं, काम तेच, पण बाहेरच्यांना समजेल असं सांगावं लागतं, असं तुम्ही म्हणालात. पहिल्या नोकरीत तुमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान माणूस तुमचा साहेब होता, हेही लपवलं नाहीत. अकादमीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईवडिलांनी तो कागद पाहायला हवा.

एक प्रश्न माझ्या ओठांवर येत नव्हता: ट्रेनिंगमध्ये कायमची दुखापत झाली तर? तो तुम्हीच काढलात. बोर्ड आउट झालेल्या, म्हणजे वैद्यकीय कारणाने ट्रेनिंगमधून बाहेर काढलेल्या, कॅडेट्सच्या हलाखीची सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली, हे मला तुमच्याकडूनच कळलं. त्या रात्री झोप लागली नाही, खरं आहे. पण न सांगता सोडलं असतंत तर मी तुम्हाला माफ केलं नसतं.

‘जा’ किंवा ‘नको’ असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. लेकीने स्वतः ठरवलं: आधी एसएसबी, म्हणजे लेखी परीक्षेनंतरची निवड मंडळाची मुलाखत, आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा अर्जही भरून ठेवायचा. तिचे बाबा आता वाद घालत नाहीत, पळायला तिच्याबरोबर पहाटे उठतात.

एसएसबीचं बोलावणं आलंय. निघण्याआधी ती प्रश्नांची वही घेऊन तुमच्याकडे येईल. वही जाडजूड आहे, तेवढा वेळ राखून ठेवा.

आपली कृतज्ञ,
एका उमेदवार मुलीची आई