पक्ष्याची नखं कापण्याआधी

प्रिय नंदू,

तुझ्या बजीचं, त्या चिमुकल्या पोपटाचं, नख पडद्यात अडकलं आणि सोडवता सोडवता तुझीच गाळण उडाली, हे वाचलं. घरी नखं कापता येतात का? येतात. पण ती खरंच वाढलीत का, ते आधी बघ. सपाट टेबलावर तो उभा असताना नखांमुळे बोटं वर उचलली जात असतील, किंवा नख वळून आत यायला लागलं असेल, तरच काप. नुसतं टोचतं म्हणून नको. त्या टोकांच्या जोरावरच तो चढतो.

कापणं सोपं, धरणं अवघड. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच त्यांना श्वास घेता येतो, त्यामुळे मूठ आवळलीस तर तो गुदमरेल. एकाने त्याला पातळ फडक्यात सैलसर गुंडाळून डोकं दोन बोटांत हलकेच धरायचं, दुसऱ्याने कापायचं. धरायचं काम वहिनींकडे दे, तुझे हात थरथरतात! तो चोच उघडून धापा टाकायला लागला की लगेच सोड. राहिलेली नखं उद्या.

आता जिव्हाळी, म्हणजे नखाच्या आतला रक्त असलेला जिवंत भाग. फिकट नख उजेडात धरलं की आतली गुलाबी रेघ दिसते, तिच्यापासून बरंच दूर, टोकाकडेच काप. काळ्या नखात काहीच दिसत नाही, तिथे टोकाचा १ मिलिमीटर पुरे. बजीचं वजन ३० ते ४० ग्रॅम, त्याच्या साधारण दहावा हिस्सा रक्त, म्हणजे जेमतेम ३-४ मिलिलिटर. थेंब थेंब गळत राहणं त्याला परवडत नाही. वाटीत कॉर्नफ्लोअर आधीच काढून ठेव. रक्त आलंच तर नखाच्या टोकावर दाबून धर. तरी थांबेना, तर डॉक्टर गाठ.

पिंजऱ्यातली ती गुळगुळीत दांडी मात्र काढून टाक. कमीजास्त जाडीची, सालीसकट फांदी लाव, म्हणजे नखं आपोआप झिजतात. सँडपेपर गुंडाळलेल्या दांड्या विकत घेऊ नकोस, त्यांनी तळवेच सोलवटतात.

आणि नखांबरोबर चोचही भराभर वाढत असेल, तर कापत बसू नकोस. यकृताचं दुखणं असू शकतं, पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखव.

नखं कापल्यावर तो तुझ्याशी थोडा वेळ फटकून वागेल. राळ्याचं कणीस लटकव आणि त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

तुझा,
अवि