पाला, पोती आणि माफीपत्र

पुणे, 10 मार्च 2024

प्रिय मंगल,

तुझ्या दिवाळीतल्या पत्राचे उत्तर राहून गेले, त्याबद्दल हवे तेवढे बोलून घे. आज लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे. आमच्या कॉलेजने द्वितीय वर्षाच्या एका मुलीकडून माफीपत्र घ्यायचे ठरवले आहे, आणि ते घेणाऱ्या तिघांच्या चौकशी समितीत माझे नाव आहे. पोटभर हसून झाले असेल तर पुढे वाच. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघा आहे तसाच आहे.

गेल्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीसाठी निघालेल्या मोर्चाहून आमची मुले परतली ती अंगात वारे भरूनच. टेकडीवरून नेणार असलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचे काय व्हायचे ते होवो, पण आपल्या आवारात रोज सकाळी पाला जळतो त्याचे काय, असे त्यांनी विचारले. 2016 चे घनकचऱ्याचे नियम काढले, त्याच वर्षी हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये दंड ठरवला आहे हे दाखवले. दंडाचा आकडा ऐकताच प्राचार्यांना पर्यावरणाचा पुळका आला. 'पालापाचोळा जाळण्यास सक्त मनाई' असा फलक लागला, वसतिगृहामागे खताचे खड्डे खणले गेले आणि मुलांचा सत्कारही झाला. त्या कामात मी मुलांच्या बरोबर होते, आणि आजही मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता पानगळ सुरू झाली आहे. पिंपळ, वड आणि ते मोठे वर्षावृक्ष एकदमच अंग झाडतात, हे तुला आठवत असेल. पूर्वी सफाईच्या मावशी कुंपणाशी ढीग करून काडी लावत आणि मोकळ्या होत. आता तोच पाला पोत्यांत दाबून भरायचा, पोती वसतिगृहामागे ओढत न्यायची आणि खड्ड्यात रिकामी करायची. त्यात वर्षावृक्षाच्या चिकट शेंगा हाताला लागल्या की माती धरून बसतात, सुटत नाहीत. एक मावशी पदर नाकावरून घेऊन कानामागे सेफ्टी पिनने अडकवते, कारण पाला दाबताना उडणारी धूळ तिला सोसत नाही. बरे, पाला खड्ड्यात टाकला म्हणजे खत झाले असे नाही. कोरड्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे, म्हणून त्याला शेण किंवा हिरवा कचरा लागतो, पाणी लागते, अधूनमधून तो फावड्याने वरखाली करावा लागतो. हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवते. फावडे कोणाच्या हाती असेल हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही. काम वाढले, माणसे तेवढीच राहिली, वेळ तीच राहिली आणि पगारही तोच राहिला. हातमोजे आणि दोन जास्तीच्या बायका मागितल्या, तेव्हा ठेकेदाराने मागणाऱ्या तिघींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितले. त्यांची फेब्रुवारीची मजुरीही अजून दिलेली नाही.

त्या मुलीने फलकाखाली खडूने एवढेच लिहिले: 'मग उचलायचा कोणी?' पुसले की पुन्हा लिहिले. शेवटी ती आणि आणखी काही मुले पाल्याने भरलेली पोती घेऊन कार्यालयासमोर बसली. आरोप आहे संस्थेच्या मालमत्तेचे विद्रूपीकरण. खडूने!

मला खरा घोर आहे तो मुलांमधल्या फुटीचा. मनाईचा फलक लावून घेणाऱ्यांपैकी बरेच जण म्हणतात की आपला विषय पर्यावरण आहे, त्यात कामगारांचे राजकारण आणले तर खड्डेही जातील. ते ऐकताना, नर्मदेच्या धरणविरोधी आंदोलनातल्या मणिबेली गावाहून परतताना धुळ्याच्या स्टँडवर तू मला भर गर्दीत 'झाडवाली' म्हणाली होतीस ते आठवले. झाडासाठी सह्या लगेच मिळतात, कारण झाड पगार मागत नाही, हे तुझे वाक्य मी त्या मुलांना ऐकवले. कोणाचे ते सांगितले नाही, उगाच डोक्यावर बसशील. पण तू जिंकलीस असेही समजू नकोस. पाला जाळणे चूकच होते, कारण त्या धुरात सर्वांत जवळ त्याच बायका उभ्या असत. त्या मुलीने मला विचारले की कॉलेजातल्या माणसांनी असे काम कधी तडीस नेले आहे का, तेव्हा मी तिला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या वर्गांतून 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना कशी उभी राहिली आणि तिच्यातून पुढे 2008 साली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था कशी झाली ते सांगितले. तिने वहीत टिपून घेतले आणि विचारले, "मॅडम, मग आपल्या मावशी त्यात का नाहीत?" उत्तर तू दे.

समितीतले एक सर मे महिन्यात निवृत्त होणार आहेत. त्यांना निरोप समारंभ निर्विघ्न हवा आहे. दुसऱ्या बाईंच्या डोळ्यांपुढे फक्त कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या पथकाची भेट आहे. हरित परिसराच्या अहवालात त्या खड्ड्याचा फोटो गेला आहे. मूळ फोटोत फावडे धरलेले दोन हात होते, छापताना फ्रेम सरकवून ते कापले आहेत. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बाईंना दाखवले, तर त्या म्हणाल्या, "हा जास्त स्वच्छ दिसतो."

प्राचार्य म्हणतात, मुले तुमचे ऐकतात, दोन ओळी लिहून घ्या, प्रकरण मिटेल. आपल्या कॉलेजच्या दिवसांत तुझ्याकडूनही माफीच्या दोनच ओळी मागितल्या होत्या. तू दिल्या नाहीस, वसतिगृहातली खोली गेली, तुझी ट्रंक माझ्या खाटेखाली आली आणि वर्षभर मी तिच्यावर पाय आपटून घेतला. समिती सोडली तर माझ्या जागी कोण येईल हे ठाऊक असल्यामुळे मी सोडत नाही; भिन्न मत लिहून द्यायचे, आणि त्यात तिघींच्या मजुरीचा उल्लेख करायचाच, एवढे ठरवले आहे.

चिन्मयचे लग्न ठरले हे वाचून फार आनंद झाला. मुलगी नाशिकचीच आहे ना? आईंना नमस्कार सांग. भाऊंच्या जमिनीचे काय झाले ते सवडीने लिही.

बैठक गुरुवारी आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातले कलम 21, ठेकेदाराने मजुरी चुकवली तर मुख्य मालकाने ती द्यायची हे, भिन्न मताच्या कागदावर कोणत्या शब्दांत मांडावे ते मला सांग. मी लिहिले तर ते वनस्पतिशास्त्राच्या जर्नलसारखे होईल. त्या तिघींचा कामगार आयुक्तांकडे द्यायचा अर्जही तूच बघून दे. त्यांच्याकडे हजेरीचा कागद नाही, पण एकीने रोजचे दिवस कॅलेंडरवर टिकल्या लावून मोजले आहेत. ते पुरावा म्हणून चालेल का? बुधवारपर्यंत रात्री नऊनंतर केव्हाही फोन कर.

तुझी,
शैला