ऑप्शन एंट्री भरायच्या आधी

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायलाच बसले. ऑप्शन एंट्री म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी; ती भरायच्या आधी हे वाच. कुठलं कॉलेज घेतलं तर इंटर्नशिपला चांगलं हॉस्पिटल मिळेल, हा तुझा पहिला प्रश्न. शिकागोच्या दादानं तुझ्या डोक्यात भरवलंय की मेडिकल कॉलेजचं नाव मोठं नसेल तर पुढं इंटर्नशिपला चांगलं हॉस्पिटल मिळत नाही. त्याच्या जागी त्याचं खरं आहे. तिकडं शिक्षण संपत आलं की मुलं देशभरच्या हॉस्पिटलांत अर्ज करतात, मुलाखती देतात आणि मार्चमध्ये ‘मॅच’चा, म्हणजे कुणाला कुठलं हॉस्पिटल मिळालं त्याचा, निकाल लागतो. रेसिडेन्सीच्या, म्हणजे डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात घ्यायच्या ट्रेनिंगच्या, पहिल्या वर्षालाच तिकडं इंटर्न म्हणतात. त्यांच्या पहिल्या मोठ्या परीक्षेत 2022 पासून मार्कही कळत नाहीत, नुसतं पास की नापास. मग कॉलेज कुठलं आणि शिफारस कुणाची हे बघणारच की ते लोक.

आपल्याकडं हा प्रकारच नाही. साडेचार वर्षं एमबीबीएस, मग एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप, आणि ती सहसा त्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात. त्यासाठी वेगळा अर्ज करायचा नसतो. आता जी सीट घेशील तिच्यासोबत इंटर्नशिपचं हॉस्पिटलही आलंच. म्हणून तुझा प्रश्न मी जरा फिरवून विचारते: त्या हॉस्पिटलात हाउस सर्जनच्या, म्हणजे इंटर्नच्या, हाताला काम किती लागतं?

इतकी वर्षं वॉर्डात काढली, हाउस सर्जनच्या कितीतरी बॅचेस डोळ्यांदेखत आल्या-गेल्या. जिथं प्रत्येक डिपार्टमेंटला भरपूर पीजी, म्हणजे एमडी-एमएस करणारे डॉक्टर, असतात, तिथं टाके पीजी घालतो, पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं लंबर पंक्चर पीजी करतो, आणि हाउस सर्जन रक्ताच्या बाटल्यांवर नावं लिहून लॅबला पळतो. पीजी कमी असले की तोच पोरगा दोन महिन्यांत तयार होतो. पैसे भरून आलेला पेशंटही ‘मोठ्या डॉक्टरांना बोलवा’ म्हणतो, शिकाऊ पोरांना हात लावू देत नाही. सरकारी दवाखान्यात गर्दीच एवढी, की नको म्हटलं तरी हात चालवावा लागतो. अर्थात तिथं ट्रॉली ढकलणं आणि रक्तपेढीत ताटकळणंही वाट्याला येतं, ते लपवत नाही.

परवाच्या नाइटला खानापूरकडची एक आजी आली, जुलाबानं पार सुकलेली. बीपी लागेना, शिरा सगळ्या बसलेल्या. ड्यूटीवर दोन हाउस सर्जन. एकानं तीनदा टोचलं, तिन्ही वेळा शीर फुटली, आजी कण्हायला लागली. दुसरी मुलगी आली. तिनं हात कॉटखाली सोडला, दंडाला पट्टा बांधला, बोटानं चाचपत बसली, आणि मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला बारीक कॅन्युला एका दमात घातली. सलाईन धो धो सोडलं. दोघं एकाच कॉलेजचे, एकाच बॅचचे! फरक एवढाच, की ती कॅज्युअल्टीत नेमानं उभी राहिली होती आणि तो नीट-पीजीचं, म्हणजे पीजीच्या प्रवेश परीक्षेचं, पुस्तक घेऊन लायब्ररीत बसायचा, केलेल्या कामांच्या लॉगबुकवर सह्या मात्र सगळ्या होत्या.

काही ठिकाणी हे राजरोस चालतं. ‘आमच्याकडं ड्यूटी हलकी, अभ्यासाला वेळ मिळतो’ असं सीनियर कौतुकानं सांगतील, तेव्हा कान टवकार. पीजीची सीट नीट-पीजीच्या रँकवर मिळते, तिथं कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही, हे खरंच आहे. पण रँक काढून आलेली आणि कॅथेटर घालता न येणारी पोरं मी बघितलीत. मला तरी तशी डॉक्टर घरात नको.

बेळगावात राहायचं का, हा तुझा दुसरा प्रश्न. इथं 1963 पासूनचं खासगी मेडिकल कॉलेज जेएनएमसी आहे, सरकारी बिम्स आहे. चंदगड-गडहिंग्लजपासून सौंदत्ती-गोकाकपर्यंतचा पेशंट गावात येतो, मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही कानावर पडतं. बाहेर हुबळी, गदग, कारवार, रायचूर इथंही सरकारी कॉलेजं आहेत. नावानं दचकू नकोस. जवळपास दुसरं मोठं हॉस्पिटल नसेल तर सगळा भार त्या एकाच ठिकाणी येऊन पडतो. इंटर्नशिपमधले 12 आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे असतात, त्यात पीएचसी, म्हणजे गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, आलंच. तिथं ‘एल्लि नोवु?’ (कुठं दुखतंय?) एवढं विचारून भागत नाही, पुढचं उत्तरही समजायला पाहिजे. शाळेत कन्नडच्या तासाला झोपा काढल्यास, आता भरून काढ.

आणखी एक. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातही थोड्या जागा राखीव असतात. त्याचे दाखले वेगळे लागतात, पप्पा तहसीलदार ऑफिसला जाऊन आलेत. मिळालं तर कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल किंवा मिरज, दोन्हीकडं पेशंटला तोटा नाही.

जॉर्जिया देशात जाऊन एमबीबीएस करायचं मात्र मनातून काढ. तुझी मैत्रीण जाते, जाऊ दे बापडी. तिला तिथं 54 महिने शिकून वर एक वर्ष इंटर्नशिप, मग इथं येऊन एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची परीक्षा, पास व्हायची, आणि पुन्हा भारतात एक वर्ष इंटर्नशिप. कॉलेजांत अशा मुलांसाठी ठरावीकच जागा, नियमातला आकडा 7.5 टक्के. इंटर्नशिपसाठी हॉस्पिटल शोधत फिरायची पाळी खरी त्यांच्यावर येते.

तर असं कर. यादी भरायच्या आधी दोन-तीन ठिकाणी आपण दोघी जाऊन येऊ. डीनच्या ऑफिसात मला रस नाही. रात्री नवाच्या सुमारास कॅज्युअल्टीबाहेर उभं राहू, सुई कुणाच्या हातात आहे बघू. लेबर रूमच्या सिस्टरला मी विचारते, नॉर्मल डिलिव्हरी हाउस सर्जन करतात की लांबून बघतात. बाहेरच्या चहाच्या टपरीवर पोरं असतात, त्यांना तू विचार: स्टायपेंड वेळेवर खात्यात पडतो का, नाइटला झोपायला खोली आहे का, मुलींच्या हॉस्टेलपासून वॉर्ड किती लांब.

फीचं पप्पा बघतील, त्यात तू पडू नकोस. येताना मावशीकडून नीटच्या स्कोअरकार्डाची रंगीत प्रिंट काढून आण, आपल्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन बंद आहे. शनिवारी सकाळच्या पाळीनंतर मी मोकळी आहे, त्या बेतानं निघ.

तुझी,
आई