वसईच्या तरुणांची ही परदेशवारी नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जागतिक युवा दिनावरचा, म्हणजे पोप बोलावतात त्या जगभरच्या कॅथलिक तरुणांच्या मेळाव्यावरचा, लेख वाचला. २०२७च्या ऑगस्टमध्ये त्यासाठी दक्षिण कोरियात सोलला जायची तयारी करणारी आमची मुलंमुली धर्माच्या नावावर परदेश फिरायला निघाली आहेत, असं ठरवून लेखक मोकळे झाले. काल लिहायला बसले असते तर फार कडू लिहिलं गेलं असतं, म्हणून आज लिहिते आहे.

लेखासोबत झेंडे नाचवणाऱ्या मुलांचा फोटो होता. विशीतली पोरं आहेत, नाचणारच. पण २०२३ला हाच मेळावा पोर्तुगालमध्ये लिस्बनला भरला, तेव्हा कैद्यांनी बनवलेली दीडशे कन्फेशनल मांडली होती आणि त्यांच्यापुढे कुमसारासाठी, म्हणजे पापांची कबुली द्यायला, हीच पोरं रांगा लावून उभी होती. तेजो नदीकाठच्या मैदानात शनिवारी रात्री पंधरा लाख माणसं साक्रामेंतापुढे, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानतात त्या पवित्र भाकरीपुढे, आराधनेला जमली, आणि कितीतरी जण तिथेच जमिनीवर झोपून सकाळच्या मिस्साला (चर्चच्या मुख्य उपासनेला) उठले. २०२५ला रोमच्या तोर व्हेर्गाता मैदानावर तरुणांच्या ज्युबिली मेळाव्यातही तसंच घडलं. त्याचा फोटो छापावासा कोणाला वाटला नाही.

‘ज्याच्या खिशात पैसा त्याचीच श्रद्धा’ हे लेखातलं वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. त्याला कारण माझी भाची. तिचे वडील वाडीत भाजी पिकवतात आणि दादरच्या बाजाराला पाठवतात. लिस्बनची तयारी सुरू झाली तेव्हा चर्चमधल्या तरुणांच्या सभेला तिने एकही खाडा केला नाही. सणाच्या दिवशी स्टॉल लावून, घरोघरी कारोल्स म्हणून मुलांनी पैसे जमवले. लुगड्यातल्या आज्यांनी कनवटीच्या नोटा काढून दिल्या. आणि शेवटी व्हिसाच्या कार्यालयातून तिचा अर्ज परत आला. पगाराचा दाखला नाही, बँकेत शिल्लक बेताची, तरुण, बिनलग्नाची. म्हणे परत येईल याची खात्री वाटत नाही! ज्या मुलीचे वडील पहाटे उठून तिच्याच हातचा चहा घेऊन वाडीत जातात, ती परत येणार नाही? भरलेली फी तर गेलीच. त्या आठवड्यात ती कोणाशी धड बोलत नव्हती.

तिने साठवलेले पैसे मग आमच्याच गावातल्या एका मुलाला दिले, त्याला रक्कम कमी पडत होती. हा मुलगा म्हणजे मिस्साच्या वेळी बाहेर मोटरसायकलला टेकून उभा राहणारा. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. तो गेला. मुख्य सोहळ्याआधीचे दिवस पोर्तुगालमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडे राहिला. एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी रोज संध्याकाळी ते त्यांच्या भाषेत आणि हा मराठीत ‘नमो मारिया’ म्हणत रोझरी (जपमाळेची प्रार्थना) करत. घरी रोझरीला हाक मारली की हाच मुलगा बाहेर पळायचा. इकडे माझी भाची रात्री एक वाजून गेल्यावर मोबाइलवर तेजोकाठची आराधना बघत बसली होती, गुडघे टेकून. आज ती दोघं आणि आणखी काही जण सुट्टीच्या दिवशी तलासरीकडच्या पाड्यांवर मुलांना शिकवायला जातात. तुमच्या लेखकांनी यातल्या एकाला तरी विचारलं का? व्हिसा नाकारल्या गेलेल्या मुलांबद्दल लेखात एक ओळ नाही, आणि गरिबाच्या मुलीला अडवणाऱ्या त्या खिडकीबद्दलही नाही.

सोलचं म्हणाल, तर तिथे जाण्यात आम्हाला शिकण्यासारखं खूप आहे. कोरियात ख्रिस्तसभा उभी केली ती साध्या प्रापंचिक माणसांनी. १७८४ साली त्यांच्यातला एक जण बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि घरी परतून त्याने इतरांना दिला. परदेशी धर्मगुरू तिथे नंतर पोहोचले. पुढे छळ झाला, हजारो मारले गेले, आणि त्यांतले १०३ जण १९८४ साली सोलमध्येच संत म्हणून घोषित झाले. धर्मप्रसार म्हणजे फादर-सिस्टरांचं काम असं समजून बसलेल्या आमच्या तरुणांनी हे डोळ्यांनी पाहायलाच हवं.

आणि बोलायला लागलेच आहे तर आणखी एक. आपल्या वसईच्या पानावर किल्ला आणि चिमाजी आप्पांची मोहीम दरवर्षी येते. यावी, आम्हीही आवडीने वाचतो. नाताळ आला की लाल लुगड्यातल्या आजीचा आणि नाताळगोठ्याचा फोटो येतो. पण याच वसईत जन्मलेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले आणि १८६२ साली संत झालेले गोन्सालो गार्सिया यांच्यावर आपल्या पानात एक धड लेख आल्याचं मला आठवत नाही. वसईचं पोर धर्मासाठी पूर्वेला जातं ही काही सोलपासून सुरू होणारी गोष्ट नाही.

सोलच्या तयारीची सभा रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात असते. आपला बातमीदार पाठवा. भाचीची ओळख मी करून देईन, तिने या वेळी पुन्हा नाव दिलं आहे.

आपली नियमित वाचक,
निर्मळ, ता. वसई