पट्टे आखले, पण वाट कोण देणार?

संपादक महोदय,

रस्ता ओलांडणाऱ्यांना हक्काची जागा मिळावी म्हणून १९५१ साली ब्रिटनमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पद्धत अधिकृतपणे सुरू झाली आणि पुढे ती जगभर पसरली. मात्र ज्यांच्यासाठी हे पट्टे आखले, त्यांनाच आज तेथे जीव मुठीत धरून उभे राहावे लागते. परवा माझ्यासमोर, काठी टेकत निघालेल्या एका आजींसाठी एक मोटार थांबली, तोच मागच्या दुचाकीस्वाराने कर्कश हॉर्न वाजवत बाजूने गाडी पुढे दामटली. आजींनी उचललेले पाऊल घाबरून मागे घेतले आणि त्यांची काठी पट्ट्यांवर पडली. पट्ट्यांपाशी थांबलेल्या वाहनाला मागे टाकणे हा माझ्या मते सर्वांत घातक प्रकार आहे, कारण त्याच्या आडून येणारा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत ते पट्ट्यांवर आलेले असते. ताशी ३० किलोमीटरच्या तुलनेत त्या वेगातील वाहनाची गतिज ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक असते, आणि तिचा आघात सोसायचा असतो तो उघड्या शरीराला.

सिग्नलला पट्टे अडवून उभे राहणाऱ्यांमुळे तर लहान मुलांना गाड्यांच्या फटींतून वाट काढावी लागते. म्हणून थांबरेषा पट्ट्यांच्या बरीच अलीकडे आखावी, पट्ट्यांची जागा उंचवटा करून बांधावी आणि वाहन परवान्याच्या चाचणीत पादचाऱ्यासाठी न थांबणाऱ्या उमेदवारास अनुत्तीर्ण करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक पादचारी